पापडीचा गोन्साल्विस

मामा बोटीवर होता. वसईत 'बोटीवर' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. वर्षातले नऊ महिने माणूस नाही आणि उरलेले तीन महिने घरात मोठाली चॉकलेटं, सेंटच्या बाटल्या आणि कोणाच्याच मापाचे नसलेले शर्ट. १९८८ च्या मे महिन्यात त्याच्या बॅगेतून एक साठ मिनिटांची टीडीके कॅसेट निघाली. कुठल्याशा बंदरात, कुणाच्या तरी एलपीवरून भरून घेतलेली. कार्डावर मामाच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं, 'एलिंग्टन, न्यूपोर्ट'. त्याच्याखाली, दोनदा अधोरेखित करून, 'बी साइड, गोन्साल्विस!!'

मी अकरा वर्षांची होते. माझ्या वर्गात तीन गोन्साल्विस होते. एक गोलकीपर, एक माझ्या वहीतली गणितं उतरवून घेणारा आणि एक बेकरीवाल्यांची मुलगी, जिच्या डब्याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. त्यामुळे अमेरिकेत जाऊन सॅक्सोफोन वाजवणारा हा चौथा गोन्साल्विसही आपल्याच इकडचा, बहुतेक पापडीचा, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "असेल, असेल." मामाला कुणाचा गैरसमज दूर करण्याची घाई कधीच नसायची.

पॉल गोन्साल्विस पापडीचा नव्हता. त्याचा जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटन गावचा. आईबाप मूळचे केप व्हर्डचे. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात ही बेटं आहेत आणि शतकानुशतकं ती पोर्तुगीजांकडे होती. आमची वसई त्यांच्याकडे १५३४ साली आली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. तेव्हा पापडी चुकली असेल, पण गलबत मी बरोबर ओळखलं होतं असं आपलं मला वाटतं. मुंबईच्या माणसाला तर गोन्साल्विस म्हटलं की अँथनीच आठवतो. पण तोही कल्पनेतला नव्हे. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, आणि ते नाव गाण्यात आलं ते त्यांचं ऋण म्हणून.

तर ही कॅसेट. जाझचा पियानोवादक आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टन याच्या बँडने ७ जुलै १९५६ च्या शनिवारी, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी, जाझ महोत्सवात जे वाजवलं त्याची. महोत्सव नवाच होता, १९५४ पासूनचा. आपल्या सवाई गंधर्व महोत्सवापेक्षा एका वर्षाने धाकटा. जागा फ्रीबॉडी पार्क नावाचं एक मैदान, वर आभाळ, आणि समोर घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. पुढच्या खुर्च्यांवर पैसेवाले, मागे बाकीचे. सगळे मिळून सात हजारांच्या आसपास.

एलिंग्टन तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. नाव मोठं, पण दिवस उतरणीचे. मोठे बँड बाळगणं परवडेनासं झालं होतं, एकेक बँड बंद पडत होता. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तर एलिंग्टनच्या बँडने न्यूयॉर्कमध्ये पाण्यातल्या कसरतींच्या खेळाला साथ केली होती. 'मूड इंडिगो'च्या कर्त्याने कारंज्याच्या मागे बसून वाजवायचं! न्यूपोर्टलाही त्या रात्री आरंभ काही शुभ नव्हता. बँड पहिल्यांदा मंचावर आला तेव्हा चार वादक बेपत्ता. दोन-तीन चिजा कशाबशा उरकून सगळे खाली उतरले आणि बाकीच्यांचं आटपेपर्यंत तीन तास ताटकळत बसले. आम्ही म्हणजे काय सर्कशीतली जनावरं आहोत की कसरतवाले, असं एलिंग्टन आयोजक जॉर्ज वाइनला म्हणाल्याचं सांगतात. बँड पुन्हा मंचावर आला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. काही लोक उठून गाड्यांकडे निघाले होते.

आपल्याकडे मध्यरात्रीला मैफल रंगात येते. तिकडे ती घरी जायची वेळ.

एलिंग्टनने आणि त्याचा रचनाकार जोडीदार बिली स्ट्रेहॉर्न याने महोत्सवासाठी मुद्दाम एक तीन भागांची नवी रचना बांधली होती. ती वाजली, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग त्याने १९३७ सालच्या दोन जुन्या रचना काढल्या, 'डिमिन्युएंडो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू'. एक उतरत जाणारी, एक चढत जाणारी. मधली जागा त्याने टेनर सॅक्सोफोनवाल्या गोन्साल्विसला दिली होती. पाच वर्षांपूर्वी एका क्लबात गोन्साल्विसने ही मधली जागा अशीच भरून काढली होती, ते त्याच्या ध्यानात असावं. गोन्साल्विसला चीज नीट आठवेना, तेव्हा एलिंग्टनने त्याला सांगितलं म्हणतात की ब्लूजच आहे, मी तुला आत आणतो, मी तुला बाहेर काढतो, तू फक्त फुंकत राहा.

तो फुंकत राहिला. सत्तावीस आवर्तनं.

हा आकडा मी आधी वाचलेला नव्हता, मोजलेला होता. मी तबला शिकत होते. मंगळवारी आणि शुक्रवारी सर सायकलवरून यायचे, पायजम्याला क्लिपा लावून. एका शुक्रवारी ते आले तेव्हा बी साइड चालू होती. मी बंद करायला धावले, तर म्हणाले, "राहू दे." मग डोळे मिटून बसले. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला.

"एकताल आहे का गं?"

"माहीत नाही सर."

"बारा आहेत. पण बारा मात्रा नाहीत. बारा घरं आहेत, आणि प्रत्येक घरात चार." अंगठा थांबला. "अठ्ठेचाळीस. मग पुन्हा पहिल्यापासून."

जाझवाले ज्याला बारा बारचा ब्लूज म्हणतात तो सरांना दोन मिनिटांत असा सापडला. पुस्तकात वाचून मला तो इतका कधी कळला नसता. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे एका हातावर बरोबर बारा घरं. आवर्तन पुरं झालं की डाव्या हाताचं एक पेर सरकवायचं. डावा हात दोनदा भरतो, वर तीन पेरं उरतात. बारा, चोवीस, सत्तावीस. बाराशे शहाण्णव मात्रा, सहा मिनिटांहून थोडं जास्त, आणि या सबंध वेळात मागे फक्त ड्रम्स, बास आणि अधूनमधून एलिंग्टनचा पियानो. बाकी सगळा बँड हात बांधून बसलेला.

ड्रम्सवरच्या सॅम वुडयार्डबद्दल सरांचं मत चांगलं झालं. "ठेका धरून बसलाय, पोरगा शहाणा आहे. हात सळसळत असतील, पण सोडत नाही." सॅक्सोफोनबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की ही सनई इतकी जाड का.

मग मी कौतुकाने ए साइडही लावली. ती नवी रचना, जी मी स्वतः कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती. चीज संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सरांनी डोळे उघडले.

"ह्या टाळ्या वरून घातल्यात."

मला रागच आला. हजारो माणसं, अमेरिका, रेकॉर्ड कंपनी, आणि आमचे सर सायकलच्या क्लिपा लावून सांगतायत की टाळ्या खोट्या. मी वाद घातला. सरांनी शांतपणे कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. "बघ. नळ सोडल्यासारख्या येतात, नळ बंद केल्यासारख्या जातात. खरी टाळी अशी नसते. खऱ्या टाळीत कोणीतरी आधी वाजवून फसतो. कोणीतरी सगळे थांबल्यावर एकटाच वाजवत राहतो. आणि दाद काय शेवटी येते? जागा आली तिथेच माणूस हूं करतो. इथे मध्ये कोणी हूं केलंय?"

केलं नव्हतं. पण मी काही कबूल केलं नाही. सरही पुढे काही बोलले नाहीत, कायदा वाजवायला बसवलं.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, काळ्या घोड्याजवळच्या एका दुकानात मला या मैफलीची दोन सीडींची नवी आवृत्ती दिसली. १९९९ सालची, एलिंग्टनच्या जन्मशताब्दीची. माझ्या तेव्हाच्या पगारात ती चैनच होती. चर्चगेटला गाडीत बसून वेष्टन फाडलं आणि आतली पुस्तिका वाचायला लागले. अंधेरीपर्यंत सर बरोबर ठरले होते.

झालं होतं ते असं. एलिंग्टनला नव्या रचनेचं वादन पसंत नव्हतं. तालमी पुरेशा झालेल्या नव्हत्या. कोलंबिया कंपनीचा निर्माता जॉर्ज अवाकियन याने लगेच सोमवारी, ९ जुलैला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बँडला बोलावून बराच भाग पुन्हा वाजवून घेतला आणि त्यावर टाळ्या चढवल्या. बँडमधल्या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याचा, जॉनी हॉजेसचा 'जीप्स ब्लूज' माझ्या कॅसेटवर होता तोही स्टुडिओतलाच. 'एलिंग्टन अॅट न्यूपोर्ट' या नावाने विकल्या गेलेल्या त्या एलपीवर न्यूपोर्ट निम्म्याहून कमी होतं. आणि हीच एलपी एलिंग्टनच्या सगळ्या आयुष्यात सर्वांत जास्त खपली.

बरं, गोन्साल्विसचं वादन तरी? ते न्यूपोर्टचंच होतं. पण त्याची वेगळीच गंमत. मंचावर दोघांचे मायक्रोफोन होते, एक कोलंबियाचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिकाचा. व्हॉइस ऑफ अमेरिका म्हणजे अमेरिकी सरकारचं नभोवाणी केंद्र, परदेशी श्रोत्यांसाठीचं. गोन्साल्विस पुढे आला आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला. कोलंबियाच्या टेपवर, आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं वादन चाललेलं असताना, तो शेजारच्या मांडवात वाजवत असल्यासारखा ऐकू येतो. मध्येमध्ये तर विरूनच जातो. लोकांचा गलबला वाढवून ती पोकळी झाकली गेली. म्हणजे खोटी दाद दोन कारणांनी आली. ए साइडवर लोक नव्हते म्हणून, आणि बी साइडवर वादक नीट ऐकू येत नव्हता म्हणून.

सर या दुसऱ्या गोष्टीत मात्र चुकले होते, किंवा बोलले नव्हते. बी साइडच्या टाळ्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. खऱ्या आणि खोट्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या की त्यांनाही वेगळ्या काढता आल्या नसाव्यात.

व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप चाळीस वर्षं कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. नव्वदच्या दशकात ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. फिल शाप या जाझच्या अभ्यासकाने ती आणि कोलंबियाची टेप एकमेकींना जुळवल्या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दोन वेगळी यंत्रं, दोघांचा वेग केसाएवढा इकडेतिकडे. जुळवल्या नाहीत तर दोन मिनिटांत एक टेप पुढे आणि दुसरी मागे, दोन गवई एकच चीज वेगवेगळ्या लयीत म्हणायला बसल्यासारखं. ते सांधल्यावर मात्र एक आश्चर्य हाती लागलं. दोन्ही टेपा एकेरी, मोनो. पण मंचावरच्या दोन जागांवरून एकाच क्षणी घेतलेल्या. एक एका कानाला, दुसरी दुसऱ्या कानाला दिली, आणि कोणी कधी न केलेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण त्रेचाळीस वर्षांनी तयार झालं.

त्या रात्री मी हेडफोन लावून ते पहिल्यांदा ऐकलं. आईने जेवायला तीन हाका मारल्या होत्या.

आधी एलिंग्टनचा पियानो, मग 'डिमिन्युएंडो', आणि मग तो. इतक्या जवळ! माझ्या माहितीतला गोन्साल्विस लांब उभा होता, त्याचा सॅक्सोफोन धुक्यातून यायचा. मला वाटायचं ती त्याची शैलीच. आणि इथे हा माणूस समोर उभा राहून वाजवत होता. सुराच्या सुरुवातीला हवेचा तो खरखरीत काठ, वाक्य संपताना खाली झुकणारा आवाज, आणि स्वर किंचित आडवा लावून मग जागेवर आणायची खोड. अकरा वर्षं एखाद्याशी फोनवर बोलत राहावं आणि एक दिवस तो दार वाजवून आत यावा, तसं काहीसं.

आवर्तनं मी मोजतच होते. पहिली पाच-सहा तो काही विशेष करत नाही. बढत घेणारा गवई जसा एकेक सूर तपासून पुढे सरकतो, तसा एक छोटा तुकडा घ्यायचा, उलटून पाहायचा, ठेवून द्यायचा. लोक आपले बोलतायत. मग सातव्याच्या आसपास काहीतरी होतं. पुढच्या खुर्च्यांतली एक सोनेरी केसांची बाई, काळ्या झग्यातली, उठून नाचायला लागली. तिचा फोटो पुढे एलपीच्या मागच्या बाजूला छापला गेला. टेपवर अर्थातच बाई दिसत नाही. ऐकू येतो तो एक आवाज, आधी एकट्याचा, मग त्याला चिकटलेले आणखी चार, मग खुर्च्या सरकल्याचा, मग मैदानाचा. नळ सोडल्यासारखा नव्हे. भरतीचं पाणी खाजणात शिरतं ना, आधी ह्या चरीतून, मग त्या चरीतून, तसा. कोणी जागेवर हूं करतंय, कोणी चुकीच्या जागेवर ओरडतंय. एलिंग्टन स्वतः ओरडून ओरडून गोन्साल्विसला चढवतोय. काउंट बेसीच्या बँडचा जुना ड्रमवाला जो जोन्स मंचाच्या कडेला बसून वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून ठेका देत होता म्हणतात. ती गुंडाळी मी टेपमध्ये अजून शोधते आहे. कधीकधी सापडल्यासारखी वाटते.

गाड्यांकडे निघालेले लोक परत फिरले. माणसं खुर्च्यांवर चढली. विसाव्या आवर्तनाच्या पुढे तर वादन कुठे संपतं आणि मैदान कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. सत्तावीस झाली, तो थांबला, एलिंग्टनने पियानोवर दोन आवर्तनं घेऊन जरा उसंत दिली आणि सबंध बँड 'क्रेसेंडो'त कोसळला. शेवटी कॅट अँडरसनचा ट्रम्पेट असा काही वर जातो की पहिल्यांदा मी हेडफोन काढून खिडकीबाहेर पाहिलं होतं. जॉर्ज वाइनला दंगल होईल अशी भीती वाटून तो एलिंग्टनला आवरतं घ्यायच्या खुणा करत होता. एलिंग्टनने ऐकलं नाही. पण हातातली गर्दी कशी उतरवायची ते त्याला ठाऊक होतं. पुढे हॉजेसला आणलं, सावकाशीची चीज, मग आणखी काही, आणि शेवटी 'मूड इंडिगो'वर लोकांना घरी पाठवलं. आपले जुने लोक भैरवीने करायचे, तसंच.

२० ऑगस्टच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला. पुढे तो सांगायचा की माझा जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला.

वादक म्हणून पाहिलं तर ते सत्तावीस आवर्तनांचं वादन फार थोर आहे असं मी म्हणणार नाही. जाझच्या जाणकारांपैकी काहीजण नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. कल्पना साध्या आहेत, काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात. गोन्साल्विसचा खरा पिंड हळव्या, संथ चिजांचा. 'हॅपी रियुनियन' ऐकलं की कळतं. तिथे तो कोणाला खुर्चीवर चढवत नाही, बसलेल्या माणसाला आणखी खाली बसवतो. पण न्यूपोर्टनंतर लोकांना त्याच्याकडून तेच हवं असायचं. जिथे जाईल तिथे फर्माईश. आपल्याकडे एखाद्या गवयाचा एक अभंग गाजतो आणि मग बिचाऱ्याला मारवा घ्यायचा असला तरी तिसऱ्या रांगेतून अभंगाची चिठ्ठी येतेच, तसला प्रकार. पुढची अठरा वर्षं त्याने ती चिठ्ठी निमूट घेतली.

मला खटकतं ते वेगळंच. स्टुडिओत पुन्हा वाजवलं याचा मला राग नाही. नवी बंदिश नीट बसली नाही, ती नीट करून लोकांपुढे ठेवावी असं बांधणाऱ्याला वाटणारच. आपल्याकडच्या कॅसेटवाल्यांनीही कापाकापी काय कमी केली? पण टाळी ही वादकाची मालमत्ता नाही, कंपनीची तर नाहीच. ती ऐकणाऱ्याची आहे. न्यूपोर्टच्या त्या सात हजारांनी मध्यरात्री घसा फोडून जे दिलं, ते एलपीवर झाकणासारखं वापरलं गेलं, आणि बाकीचं कुठूनतरी आणून चिकटवलं. कोणाच्या तरी हातांची ती टाळी असेलच की. ती माणसं कशासाठी वाजवत होती कोण जाणे.

असं मी म्हणते खरी. पण आता कबुली द्यायची तर पुरतीच देते. नव्या आवृत्तीत ते स्टुडिओतले तुकडेही शेवटी दिलेले आहेत, आणि मी ते ऐकते. खोट्या टाळ्यांसकट. कारण 'जीप्स ब्लूज' संपला की तो कडकडाट कधी येणार आणि कधी तुटणार ते मला पाठ आहे. त्या टाळ्यांबरोबर आमचं ओटीवरचं टेबल आहे, जांभळाच्या झाडावरचे कावळे आहेत, मामाची तंबाखू आहे. खोट्या नोटेवरही लहानपणी कुणी आपल्या हाताने आपलं नाव लिहून दिलं असेल तर ती फेकवत नाही.

मामाला मी हे सगळं सांगितलं होतं. तोवर बोट सुटली होती, गुडघे गेले होते. त्याने सीडी एका कानाने ऐकली, दुसऱ्याने ऐकूच येत नव्हतं. स्टिरिओची सगळी मेहनत वाया. म्हणाला, "जुनी बरी होती."

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९६३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एलिंग्टनचा बँड पश्चिम आणि दक्षिण आशियात पाठवला होता. त्या दौऱ्यात ते भारतात आले, मुंबईतही वाजवून गेले. बँडमध्ये गोन्साल्विस होता. तेव्हा हॉटेलांतून आणि सिनेमाच्या स्टुडिओंतून वाजवणारे मुंबईचे कितीतरी वादक गोव्याचे, फर्नांडिस, डिसूझा, परेरा. बँडमधल्या माणसांची नावं ऐकताना त्यातल्या कुणालातरी 'हा आपलाच, बहुतेक मडगावचा' असं वाटलंच असेल. नोव्हेंबरात केनेडींचा खून झाला आणि तुर्कस्तानात असलेला तो दौरा तिथेच आवरला गेला. दौऱ्याची आठवण म्हणून केलेल्या 'फार ईस्ट स्वीट'मध्ये दिल्लीच्या एका मैनेवर एक अख्खी चीज आहे. मुंबईवर काही नाही. कावळ्यांवर चीज बांधणं अवघडच.

गोन्साल्विस १५ मे १९७४ रोजी लंडनमध्ये गेला. एलिंग्टन तेव्हा न्यूयॉर्कला इस्पितळात, कर्करोगाने अखेरच्या दिवसांत. त्याला ही बातमी कोणी सांगितली नाही. नऊ दिवसांनी, २४ मेला, तोही गेला. मी तुला आत आणतो, मी तुला बाहेर काढतो, असं म्हणणाऱ्याच्या आधी हा बाहेर पडला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांना सीडीतली गोष्ट सांगायला मी मुद्दाम पेढे घेऊन गेले होते. त्यांना तो शुक्रवार आठवत नव्हता. सनईचं आठवत होतं.

परवा संध्याकाळच्या विरार गाडीत, बोरिवलीनंतर बसायला मिळालं म्हणून, पुन्हा ते लावलं. उजवा हात पर्सवर, अंगठा पेरांवर. डावा मांडीवर, तोही चालू. मिटल्या डोळ्यांनी मी अठरापर्यंत पोचले होते. तेवढ्यात कोणीतरी गुडघ्यावर थोपटलं. समोर एक म्हातारी बाई, गळ्यात क्रूस, मांडीवर भाजीची टोपली, आमच्याच बाजूची दिसत होती. मी एका कानातला इअरफोन काढला.

"कोनाचा जप करतेस गं, बाय?"

काय सांगायचं ते सुचेना. म्हटलं, "गोन्साल्विसचा."

तिने माझ्याकडे, माझ्या टिकलीकडे, माझ्या बोटांकडे नीट पाहिलं. "मग माळ घे की हातात," ती म्हणाली. "बोटांवर चुकतं."

तोवर मायकेल, जोसेफ, पीटर असे कोणकोणते गोन्साल्विस तिच्या ओळखीचे आहेत ते सांगायला तिने सुरुवात केली होती, आणि माझं आवर्तन हातून निसटलं होतं. नालासोपारा यायच्या आत मी वसईला उतरले. पापडीच्या रिक्षात बसून पुन्हा पहिल्यापासून लावलं.